गरम झऱ्यांची ऊब गुलटेकडीपर्यंत पोहोचेल काय?

परदेश सहलींच्या कार्यक्रमात अलीकडच्या काळात एका नव्या प्रेक्षणीय स्थळाची भर पडली आहे. हे स्थळ म्हणजे भूऔष्णिक वीज केंद्र. आइसलँडला गेलेला पर्यटक रेक्याविकजवळच्या ३०३ मेगावॅटच्या हेल्लिसहेइदी केंद्रातील प्रदर्शन पाहतो. पुढे स्वार्त्सेंगी केंद्रातून बाहेर पडलेल्या पाण्याने तयार झालेल्या 'ब्लू लगून'मध्ये डुंबतो. न्यूझीलंडला गेलेला पर्यटक १९५८ साली सुरू झालेल्या वैराकेई केंद्राच्या वाफेचे लोट पाहतो. जमिनीतून आपसूक येणारी वाफ, धूर नाही, कोळशाचे ढीग नाहीत आणि दिवसरात्र अखंड चालणारी जनित्रे हे दृश्य मोहविणारेच असते. त्यामुळे परतीच्या प्रवासात मराठी माणसाच्या मनात एक प्रश्न हमखास उभा राहतो. आपल्या कोकणात गावोगाव उकळत्या पाण्याची कुंडे असताना आपल्याकडे असे केंद्र का नाही?

प्रश्न रास्त आहे. परंतु तो विचारण्याची आपली रीत चुकते. आपण पहिल्या दमातच 'वीज किती मिळेल?' असे विचारतो आणि उत्तर निराशाजनक आले की विषय मिटवून टाकतो. वस्तुतः महाराष्ट्रातील गरम झऱ्यांचे मोल मेगावॅटमध्ये मोजायचे नसून ते सुकविलेल्या, टिकविलेल्या आणि योग्य भाव मिळविणाऱ्या शेतमालात मोजायचे आहे. त्याचे खरे माप म्हणूनच झऱ्याकाठी लागणार नाही. ते पुण्याच्या मार्केट यार्डात, गुलटेकडीच्या बाजारात लागेल.

आधी या झऱ्यांचा पसारा पाहू. जुन्या मराठीत गरम पाण्याच्या झऱ्याला 'उन्हाळे' असा नेमका शब्द आहे आणि तो गावांच्या नावांत आजही जिवंत आहे. राजापूरजवळचे उन्हाळे, दापोली तालुक्यातील उन्हवरे, पालीजवळचे उन्हेरे, चोपडा तालुक्यातील उनपदेव, किनवट तालुक्यातील उनकेश्वर ही सारी नावे एकाच 'ऊन' पाण्याची साक्ष देतात. वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी, महाड तालुक्यातील सव आणि संगमेश्वर तालुक्यातील तुरळ ही त्यांचीच भावंडे. पालघर जिल्ह्यातील कोकनेरपासून राजापूरपर्यंत किनाऱ्याला समांतर अशा तीनशेहून अधिक किलोमीटर लांबीच्या पट्ट्यात सुमारे अठरा ठिकाणी साठेक झरे नोंदले गेले आहेत. उन्हवऱ्याचे पाणी साधारण ७० अंश सेल्सिअसचे, तर तुरळचे ६० अंशांच्या आसपासचे असते.

हे पाणी तापते कसे, हे समजून घेतल्याशिवाय पुढचा हिशेब कळणार नाही. आइसलँड किंवा न्यूझीलंडमध्ये तप्त शिलारस पृष्ठभागाच्या बराच जवळ आहे. कोकणात तसे काही नाही. दख्खनचा काळा कातळ ज्वालामुखीतून जन्मला हे खरे. परंतु त्या घटनेला साडेसहा कोटी वर्षे झाली आणि तो ज्वालामुखी केव्हाच थंडावला आहे. कोकणात पावसाचे पाणी कातळातील खोल भेगांतून खाली उतरते, पृथ्वीच्या पोटातील स्वाभाविक उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगेतून वर येते. खंडीय भूभागात सरासरीने दर किलोमीटर खोलीला २५ ते ३० अंश तापमान वाढते. म्हणजे आपल्याकडे तापलेले पाणी आहे; टर्बाइन फिरवील अशी दाबाखालची वाफ मात्र हाती नाही.

वाफ नसली तरी वीज अशक्य नाही, हे अलास्कातील चेना हॉट स्प्रिंग्ज या पर्यटनस्थळाने २००६ साली दाखवून दिले. तेथे अवघ्या ७४ अंशांच्या पाण्यावर वीजनिर्मिती सुरू झाली आणि तेथे जाणारे प्रवासी ते छोटे केंद्रही पाहून येतात. गरम पाण्याने कमी तापमानाला उकळणारा दुसरा द्रव उकळवायचा आणि त्या द्रवाच्या वाफेवर टर्बाइन चालवायचे, असे हे तंत्र आहे. चेनाचे ७४ अंश आणि उन्हवऱ्याचे ७० अंश हे आकडे शेजारी ठेवले की आशा पालवते. परंतु उष्णतेपासून वीज करताना गरम बाजूइतकीच थंड बाजूही महत्त्वाची असते. चेनाला थंड करण्यासाठी चार अंशांच्या आसपासचे पाणी मिळते. कोकणात ते २८ अंशांचे मिळेल. भौतिकशास्त्राच्या नियमानुसार चेनाच्या उष्णतेपैकी फार तर २० टक्के भागाचे विजेत रूपांतर होऊ शकते, तर उन्हवऱ्याच्या बाबतीत ही कमाल मर्यादा १२ टक्क्यांवर येते. प्रत्यक्ष यंत्रांत याच्या निम्म्याहूनही कमी हाती लागते. अलास्कातील पाटी जशीच्या तशी कोकणात लावता येत नाही, ती यामुळे.

देशपातळीवरचा अनुभवही सावध करणारा आहे. भारताची भूऔष्णिक क्षमता सुमारे १०,६०० मेगावॅट आहे, असा एक अंदाज वर्षानुवर्षे उद्धृत केला जातो. इटलीतील लार्देरेल्लो येथे १९०४ साली पहिले दिवे लागले, तेव्हापासून आजवर साऱ्या जगाने मिळून उभारलेली भूऔष्णिक वीजक्षमता सोळा-सतरा हजार मेगावॅटच्या घरात आहे. हे ध्यानात घेतले की आपला अंदाज किती कागदी आहे ते उमगते. हिमाचलातील मणिकर्ण येथे पाच किलोवॅटचा प्रायोगिक संच चालवून पाहण्यात आला. तेलंगणातील मणुगुरू येथे सिंगरेणी कोळसा कंपनीच्या क्षेत्रात २० किलोवॅटचा प्रायोगिक संच बसविण्यात आला. लडाखमधील पुगा खोऱ्यात पुण्याच्या थरमॅक्स कंपनीने आइसलँडच्या एका कंपनीच्या साह्याने तीन मेगावॅटचा प्रकल्प योजला होता. पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये ओएनजीसीने त्याच खोऱ्यात एक मेगावॅटच्या पथदर्शी प्रकल्पाचा करार केला. किलोवॅटच्या पायरीवरून मेगावॅटच्या पायरीवर जाणे देशातील सर्वांत उष्ण क्षेत्रातही इतके कष्टाचे ठरले असेल, तर कोकणात वीज केंद्राचे स्वप्न रंगविणे व्यवहार्य नाही.

मग हिशेब बदलून पाहावा. समजा, एखाद्या ठिकाणी ६० अंशांचे पाणी सेकंदाला दहा लिटर या वेगाने उपलब्ध झाले आणि त्यातील उष्णता वापरून ते ४० अंशांपर्यंत निववले. यातून साधारण ८४० किलोवॅट इतकी उष्णता मिळते. तिच्यापासून वीज करायची म्हटले तर जेमतेम पंचवीस-तीस किलोवॅट पदरात पडतील आणि त्यातलेही काही पंपच खाऊन टाकतील. मात्र हीच उष्णता थेट सुकवणीसाठी वापरली आणि त्यातील निम्मी वाया गेली असे धरले, तरी तासाला सुमारे सहाशे किलो पाणी मालातून बाहेर काढता येते. पाणी तेच, भोक तेच. वापर बदलताच तुटपुंजी वाटणारी गोष्ट एका तालुक्याच्या अर्थकारणाला हात देण्याइतकी होते.

येथे मार्केट यार्डाचा संबंध येतो. गुलटेकडीचा बाजार म्हणजे केवळ पुणेकरांची मंडई नव्हे. फळे, भाजीपाला, फुले, कांदा-बटाटा आणि भुसार असा अनेक जिल्ह्यांचा माल येथे उतरतो आणि येथील आडत्यांच्या गाळ्यांवर निघालेला भाव दूरच्या शेतकऱ्याचे वर्ष ठरवितो. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे व भाजीपाला बाजार आवाराबाहेर नियमनमुक्त केला आणि शेतकऱ्याकडून आडत घेण्याची पद्धत थांबविली. तरीही नाशवंत मालाच्या मालकाची अडचण कायद्याने संपली नाही. ज्याचा माल उद्या सडणार आहे त्याला आजचा भाव नाकारण्याचे स्वातंत्र्य नसते. लुधियानाच्या केंद्रीय काढणीपश्चात अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्थेच्या २०१५ च्या अहवालानुसार देशात काढणीनंतर फळांचे सुमारे ७ ते १६ टक्के आणि भाज्यांचे सुमारे ५ ते १२ टक्के नुकसान होते. या आकड्यांत न दिसणारे नुकसान म्हणजे घाईने विकावे लागल्यामुळे बुडालेला भाव.

कोकणातील बागायतदाराला हे फार चांगले ठाऊक आहे. हंगामाच्या आरंभी हापूसच्या पेटीला मान असतो. मे महिन्याच्या उत्तरार्धात आवक वाढते, पावसाची चाहूल लागते आणि उरलेला आंबा कॅनिंगच्या भावाने किलोवर जातो. कोकमाची गत त्याहून बिकट. कोकमाच्या साली त्यांच्याच रसात पुन:पुन्हा बुडवून उन्हात वाळविल्यावर आमसूल तयार होते आणि त्यासाठी सलग कडक ऊन लागते. २०२५ साली मोसमी पाऊस मेच्या अखेरच्या आठवड्यातच कोकणात येऊन ठेपला. मुंबईत तो २६ मे रोजी पोहोचला, तेथील १९५० नंतरचे हे सर्वांत लवकरचे आगमन ठरले. अशा वर्षी अंगणातले ऊन हाच ज्याचा एकमेव कारखाना, त्याने काय करावे? आंबापोळी, फणसपोळी यांचीही हीच कथा. भातकापणीच्या वेळी परतीचा पाऊस गाठतो तेव्हा ओल्या भाताचेही तेच.

आमसूल आणि आंबापोळी सुकविण्यासाठी लागणारी ५० ते ६० अंशांची गरम हवा आणि उन्हवऱ्यासारख्या ठिकाणच्या पाण्याचे तापमान यांचा मेळ बसतो, ही बाब महत्त्वाची आहे. काजूगर वाळविण्याचे तापमानही फार दूर नाही. आणखी एक उदाहरण पाहा. फळमाशीमुळे मे २०१४ मध्ये युरोपीय संघाने भारतीय आंब्यावर बंदी घातली होती. ती उठल्यानंतर युरोपला जाणाऱ्या आंब्यावर उष्णजल प्रक्रिया करण्यात येऊ लागली. या प्रक्रियेत आंबा सुमारे ४८ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवला जातो. निर्यातदार वीज किंवा इंधन जाळून पाणी तापवितो आणि तिकडे त्याहून गरम पाणी ओढ्याला जाऊन मिळते, हा विरोधाभास आपल्या नियोजनाच्या दृष्टीतून कसा सुटला? झऱ्याचे पाणी फळाला लावण्याची गरज नाही; उष्णता-विनिमयक यंत्रातून त्याची ऊब स्वच्छ पाण्याला देता येते.

उष्णता दूरवर वाहून नेता येत नाही, हा आक्षेप येथे घेतला जाईल. तो खराच आहे. तुरळची ऊब नळातून पुण्याला आणणे कुणाच्या स्वप्नातही नसावे. परंतु ऊब प्रवास करीत नसली तरी तिने सुकविलेला माल प्रवास करतो. तुरळ तर मुंबई-गोवा महामार्गालगतच आहे. तेथून चिपळूण, कुंभार्ली घाट, कऱ्हाड या मार्गाने माल पुण्यास येऊ शकतो. ताज्या फळाला रात्रीच्या ट्रकची घाई असते, सुकविलेल्या मालाला नसते. तो महिनाभर थांबू शकतो. गुलटेकडीच्या व्यवहारात थांबता येणे हीच विक्रेत्याची खरी ताकद असते.

शीतगृहांच्या बाबतीत मात्र अधिक सावधपणे बोलले पाहिजे. उष्णतेपासून थंडावा निर्माण करणारी शोषण प्रशीतन यंत्रे ही काही नवलाई राहिलेली नाही. पुण्याची थरमॅक्स कंपनी अशा यंत्रांसाठी ओळखली जाते. मणिकर्ण येथे गरम झऱ्याच्या उष्णतेवर साडेसात टन क्षमतेचे प्रायोगिक शीतगृह उभारले गेले होते. चेना येथे तर बर्फाचे संग्रहालय गरम पाण्याच्या बळावर थंड ठेवले जाते. तथापि चेना आणि मणिकर्णला थंड हवामानाची साथ आहे. कोकणच्या दमट उष्ण हवेत पृष्ठभागावरील ६०-७० अंशांच्या पाण्यावर शीतगृह चालविणे कठीण जाईल. त्यासाठी खोदाई करून अधिक गरम पाण्यापर्यंत पोहोचावे लागेल. म्हणून क्रम स्पष्ट हवा. आधी सुकवणी आणि उष्णजल प्रक्रिया, नंतर शीतगृह आणि साधल्यास अगदी शेवटी वीज.

इतर देशांनी हा क्रम कधीच ओळखला आहे. अमेरिकेत नेवाडातील ब्रॅडी हॉट स्प्रिंग्ज येथे १९७८ पासून कांदा-लसूण सुकविण्याचा कारखाना भूऔष्णिक पाण्यावर चालला. तेथील पाणी अर्थात आपल्यापेक्षा बरेच गरम आहे. आइसलँडमध्ये मासळी सुकविली जाते. केनियात नैवाशा सरोवराकाठच्या फुलशेतीत हरितगृहांना भूऔष्णिक उष्णता पुरविली जाते आणि मेनेंगाई येथे धान्य वाळविणे, दूध निर्जंतुक करणे असे प्रात्यक्षिक प्रयोग झाले. आपल्याच देशात अरुणाचल प्रदेशातील दिरांग येथे २०२५ मध्ये भूऔष्णिक विहीर खोदण्यात आली, तीही प्रामुख्याने फळे व मांस सुकविणे, साठवण आणि घरे उबदार ठेवणे या हेतूंनी. दिरांगला जे सुचले ते दापोलीला सुचू नये, असे कोणतेही कारण नाही.

याचा अर्थ उद्याच ड्रिल घेऊन कुंडाकाठी जावे, असा नव्हे. भूगर्भातील गरम पाणी ही हळूहळू भरणारी ठेव असते आणि उपसा बेताल झाला तर ती आटते. वैराकेईचे केंद्र सुरू झाल्यानंतर शेजारच्या दरीतील उसळती कारंजी लोप पावली. रोटोरुआ शहरात घरोघरी खोदलेल्या विंधनविहिरींमुळे तेथील कारंजी मंदावली, तेव्हा १९८६-८७ मध्ये सरकारला शहराच्या मध्यभागातील विहिरी बंद कराव्या लागल्या. त्यानंतर कारंजी सावरली. पुगा येथे ऑगस्ट २०२२ मध्ये खोदकाम चालू असताना भूगर्भातील द्रव ओढ्यात वाहून गेल्याने चिंता निर्माण झाली आणि काम थांबले. उष्णता काढून घेतलेले पाणी पुन्हा जमिनीत सोडणे आणि झऱ्यांच्या प्रवाहाची सतत नोंद ठेवणे, या अटी सोडून देण्यासारख्या नाहीत.

दुसरा प्रश्न विश्वासाचा आहे. कोकणातील बहुतेक कुंडांशेजारी देवस्थान आहे, तेथे स्नानाची परंपरा आहे, गावाच्या जीवनात त्या पाण्याला स्थान आहे. त्यातच दाभोळचा एन्रॉन, जैतापूर, नाणार आणि बारसू या नावांनी कोकणी माणसाला एक गोष्ट शिकविली आहे. ती म्हणजे प्रकल्पाची गाडी आली की निर्णय आधी झालेला असतो आणि चर्चा नंतर सुरू होते. भूऔष्णिक ऊर्जा स्वच्छ आहे, एवढ्या भांडवलावर तिला निराळी वागणूक मिळेल अशी अपेक्षा करणे भाबडेपणाचे ठरेल. पाण्यावर पहिला हक्क कुणाचा, कुंडाचा प्रवाह घटला तर उपसा कोण थांबविणार आणि सुकवणी केंद्राची मालकी बाहेरच्या कंपनीची की स्थानिक बागायतदारांच्या सहकारी संस्थेची, याची उत्तरे पहिल्या दिवशी लेखी मिळाली पाहिजेत.

केंद्र सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये राष्ट्रीय भूऔष्णिक ऊर्जा धोरण जाहीर केले आणि त्यात विजेबरोबरच उष्णतेच्या थेट वापरालाही स्थान दिले. उत्तराखंडने त्याआधीच, जुलै २०२५ मध्ये, आपले धोरण मंजूर केले. महाराष्ट्रासाठी ही संधी आहे आणि त्यासाठी नव्या महामंडळाची मुळीच गरज नाही. झऱ्यांची शास्त्रीय माहिती भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे आहे. कोकमाची 'कोकण अमृता' ही जात देणारे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ दापोलीतच आहे आणि उन्हवरे त्याच तालुक्यात आहे. शेतमालाच्या विक्रीचे आणि निर्यात सुविधांचे काम पाहणारे राज्य कृषी पणन मंडळ तर गुलटेकडीच्या मार्केट यार्डातच बसते. एका टोकाला झरा, मधे विद्यापीठ आणि दुसऱ्या टोकाला बाजार अशी साखळी तयारच आहे. कड्या जोडणारा हात तेवढा हवा.

खर्चाचा मुद्दा टाळून चालणार नाही. सौर वाळवणी यंत्र स्वस्त आहे, लाकूडफाट्यावर चालणारी भट्टी त्याहून स्वस्त आहे. मग हा खटाटोप कशासाठी, असे विचारले जाईल. पाऊस पडत असताना आणि रात्री सौर यंत्र थांबते आणि कोकणात सुकवणीची खरी गरज नेमकी तेव्हाच असते, हे त्याचे उत्तर आहे. लाकडाची किंमत डोंगर मोजतो. तरीही केवळ पाच-सहा आठवड्यांच्या आमसुलांवर असे केंद्र तगणार नाही, हेही तितकेच खरे. आंबा, कोकम, फणस, काजू, मासळी, भात असे वर्षभराचे वेळापत्रक बसले तरच गणित जुळेल. म्हणून सुरुवात एकाच ठिकाणी, सध्या वाहून जाणाऱ्या पाण्यावर, नवी खोदाई न करता व्हावी. दोन हंगाम हिशेब उघडपणे मांडला जावा आणि तो सोसला तरच पुढचे पाऊल टाकावे.

त्या हिशेबाची शेवटची ओळ कोणती असावी, हे मात्र आजच ठरविता येते. किती किलोवॅट निर्माण झाले, किती मान्यवरांनी भेट दिली, याला तेथे स्थान नको. पाऊस लवकर आलेल्या वर्षी दापोलीच्या किंवा संगमेश्वरच्या शेतकऱ्याचे आमसूल मार्केट यार्डाच्या भुसार बाजारात बुरशीविना पोहोचले काय आणि भाव पडलेला असताना 'आज नको, पुढच्या आठवड्यात पाहू' असे आडत्याला सांगण्याची ताकद त्याच्यापाशी आली काय, एवढेच मोजावे. हेल्लिसहेइदीचे वाफेचे लोट पाहून आलेल्या पुणेकराला कदाचित हे फारच साधे वाटेल. परंतु आइसलँडने आपल्या भूमीत जे होते त्याचा आपल्या गरजेप्रमाणे वापर केला, एवढेच तर त्या लोटांचे सांगणे आहे. आपली भूमी निराळी आहे आणि आपली गरजही निराळी आहे.